पुण्याच्या ऊन-पावसात टिकेल असे सशांचे आवार: पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

कोथरूडला आमच्या तळमजल्यावरच्या घरामागे बाराएक फूट रुंदीची मोकळी पट्टी आहे. कापूस आणि तीळ हे दोन ससे घरी आले तेव्हा त्या पट्टीत जाळीचे आवार उभे केले, वर निळी ताडपत्री ताणून बांधली आणि काम झाले असे समजून मी निश्चिंत झाले. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वळीव आला. पंधरा मिनिटांत ताडपत्रीच्या मध्यभागी पाण्याचे पोट सुटले, ते लोंबत लोंबत खाली आले आणि एका कोपऱ्याची सुतळी तुटून सगळे पाणी एकदम आत कोसळले. मी धावत पोचले तेव्हा तीळ पेटीच्या टपावर अंग चोरून बसली होती आणि कापूस भिंतीलगतच्या चिखलात पोटापर्यंत माखला होता. दोघांना घरात आणून कोरडे करण्यात रात्र गेली.

खरी चूक मात्र मी त्यानंतर केली. पुन्हा पाणी आत येऊ नये म्हणून चारही बाजूंना जाड प्लास्टिक लावून टाकले. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले तर लघवीच्या उग्र वासाने डोळे चुरचुरले, प्लास्टिकच्या आतल्या बाजूवर थेंब जमले होते आणि गवताची पेंढी हाताला गार, दमट लागत होती. पाण्याचा एक थेंबही बाहेरून आला नव्हता, तरी आत सगळे ओले होते. त्यानंतर तीन वर्षे मोडत-जोडत जे आवार तयार झाले, त्याचा क्रम आणि त्यामागची कारणे इथे लिहिली आहेत. पहिल्यांदा आवार बांधणारा बहुतेक जण पावसाला अडवण्याच्या नादात वाऱ्यालाही अडवतो, आणि सशाला थेंबांपेक्षा कोंडलेली दमट हवा अधिक बाधते, हे मनाशी धरून पुढचे वाचावे.

आधी थोडे इथल्या हवेविषयी. मार्च ते मे या काळात पुण्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे त्याचे लांब कान, आणि २८ ते ३० अंशांच्या पुढे ते साधन अपुरे पडू लागते. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी पाऊस येतो, तो पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून तिरका. शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे लोणावळा-मुळशीच्या मानाने किरकोळच. पण जुलै-ऑगस्टमधली आपली ती आठ-आठ दिवस न थांबणारी भुरभुर एकही वस्तू वाळू देत नाही. याउलट मे महिन्यातला वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस तासाभरात धो धो कोसळतो, वावटळीसह कोणत्याही दिशेने येतो आणि कधी गाराही आणतो. एकाच आवाराला ऊन, भुरभुर आणि धो धो पाऊस हे तिन्ही सांभाळायचे आहेत.

आणखी एक खुलासा. इथे विषय पाळीव सशांचा आहे. टेकडीवर किंवा शेतात सापडलेले रानसशाचे पिल्लू घरी ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. ते वनविभागाच्या स्वाधीनच करावे.

१. जागेची पाहणी: किमान दोन दिवस, एक पाऊस

आवाराचे माप आधी ठरवावे. ब्रिटनमधील ‘रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड’ ही संस्था दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच जागा सुचवते. आपल्या भाषेत साधारण दहा फूट बाय साडेसहा फूट. उंचीच्या बाबतीत माझा सल्ला वेगळा आहे. तुम्हाला आत उभे राहता आले पाहिजे, कारण ज्या आवारात वाकून शिरावे लागते ते भर पावसात रोज झाडले जात नाही. एका बाजूला सहा फूट आणि दुसऱ्या बाजूला पाच फूट उंची पुरते.

आता एक दिवस सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता त्या जागेवर ऊन कुठे पडते ते खडूने आखून घ्यावे. सकाळचे कोवळे ऊन हवे, दुपारी तीननंतरचे पश्चिमेचे ऊन नको. इमारतीच्या किंवा कुंपणभिंतीच्या पूर्वेची जागा मिळाली तर निम्मे काम फुकटात होते, कारण तीच भिंत दुपारचे ऊनही अडवते आणि मोसमी पावसाचा सपकाराही. मात्र गच्चीचे पाणी उतरवणारा पाइप त्याच भिंतीवर नाही ना, ते पाहावे. आमच्याकडे होता, आणि त्याचे तोंड नेमके आवाराकडे होते.

पाणी कुठे साचते हे कळायला मला सापडलेली सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे रद्दी. पावसाची चिन्हे दिसली की ठरवलेल्या जागेवर वर्तमानपत्राचे पूर्ण कागद ओळीने अंथरून त्यांच्यावर चारी कोपऱ्यांना दगड ठेवावेत आणि वर तात्पुरते छप्पर म्हणून एखादा पत्रा टेकवावा. पाऊस ओसरल्यावर जे कागद वरून कोरडे आणि खालून भिजलेले निघतात, तिथे पाणी जमिनीतून वर येत आहे; जे एका कडेने भिजले आहेत, तिथे पाणी बाजूने आत शिरत आहे. माझ्या बारा कागदांपैकी सात खालून भिजले होते, आणि मी तोवर केवळ छपराचाच विचार करत होते.

ज्यांना अंगण नाही ते गच्चीचा विचार करतात. उन्हाळ्यात उघड्या गच्चीचा कोबा इतका तापतो की माझे मत विचाराल तर तिथे ससे ठेवूच नयेत. तरीही ठेवायचे असतील, तर सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि स्लॅबमध्ये एकही खिळा किंवा बोल्ट ठोकू नये. कोब्यात पाडलेले एक भोक खालच्या घराच्या छताला गळती लावते, आणि मग ससे, तुम्ही व शेजार यांचे संबंध पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाहीत. गच्चीवर सांगाडा उभा करायचा तर त्याच्या पायांना वाळू-सिमेंटने भरलेले डबे बांधून वजन द्यावे.

२. साहित्य आणि हत्यारे

दहा बाय साडेसहा फुटांच्या आवारासाठी मला लागलेल्या वस्तू अशा:

- सांगाड्यासाठी दीड इंची चौकोनी लोखंडी पाइप, रेड ऑक्साइड (गंज रोखणारा पहिला हात) आणि ऑइल पेंट
- अर्धा इंच चौकटीची, जाड तारेची वेल्डमेश (तारा एकमेकींना वेल्डिंगने जोडलेली) जाळी. चारही बाजू आणि जमीन दोन्हींसाठी
- छपरासाठी पांढऱ्या किंवा फिक्या रंगाचा नालीदार पत्रा, रबरी वॉशर असलेले पत्र्याचे स्क्रू, पन्हळ
- बांबूच्या चटया किंवा ताट्या, ७५ टक्के सावलीचे हिरवे शेडनेट
- जाड ताडपत्री (चौरस मीटरला २०० ग्रॅम किंवा अधिक वजनाची, कडेला पितळी किंवा ॲल्युमिनियमची कडी असलेली), नायलॉनची दोरी
- मुरूम, बारीक खडी, शहाबादी फरशीचे तुकडे
- पेटीसाठी जलरोधक प्लायवूड, बिजागऱ्या, कडी-कोयंडे
- कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर
- पकड, तारकापी कात्री, ड्रिल, पहार, फावडे, पाणसळ, जाड हातमोजे

लोखंडी सामान, जाळी, दोरी आणि ताडपत्री यांसाठी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एक फेरी पुरते. प्लायवूड आणि बांबू भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या परिसरात मिळतात. वेळ असेल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात डोकावावे. मला दाराची कडी आणि पन्हळीचे ब्रॅकेट तिथेच मिळाले. जुने रंगवलेले लाकूड मात्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. ससे लाकूड कुरतडतातच, आणि जुन्या रंगात शिसे असू शकते.

कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी, बारीक तारेची जाळी दुकानदार हमखास पुढे करतो, कारण ती निम्म्या भावात बसते. ती घेऊ नका. भटका कुत्रा ती दाताने फाडतो, आणि ससा स्वतःही आतून कुरतडून ती सैल करतो.

३. जमीन: सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात महत्त्वाचे काम

पुण्यात पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. ती पाणी धरून ठेवते, भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीवर थेट आवार ठेवले तर ससे चार महिने ओल्यावर बसतात. त्यांच्या मागच्या पायांचे तळवे सोलवटतात, केस गळून जखमा होतात. शिवाय उबदार ओलाव्यात कॉक्सिडिया या आतड्याच्या परजीवीची बीजे लेंड्यांमध्ये जोमाने तयार होतात आणि लहान पिल्ले त्याने दगावू शकतात. म्हणून जमिनीवर खर्च करताना हात आखडू नये.

आवाराच्या मापापेक्षा सर्व बाजूंनी एक फूट जास्त जागा घेऊन नऊ इंच माती काढून टाकावी. तळाला इमारतीपासून दूर असा उतार द्यावा. दहा फुटांना दोन इंचांचा उतार पुरतो, तो पाणसळीने तपासावा. तळावर वेल्डमेश अंथरून ती कडेने वर वळवावी आणि पुढे सांगाड्याच्या खालच्या पाइपाला तारेने घट्ट बांधावी. यामुळे ससे बाहेर बीळ खणू शकत नाहीत आणि घूस बाहेरून आत येऊ शकत नाही. पुण्यात मांजराइतकीच घुशीचीही भीती आहे. आमच्या मागे वेताळ टेकडी असल्यामुळे मुंगुसेही दिवसाढवळ्या फिरतात.

जाळीवर चार इंच खडी, त्यावर चार इंच मुरूम पसरून पाणी मारून चोपावा. जाळी अशी खोल गाडलेली असल्यामुळे सशांच्या पायांना तारेचा स्पर्श होत नाही, आणि तो होताही कामा नये. मुरमावर निम्म्या भागात शहाबादी फरशा बसवाव्यात, मध्ये बोटभर फटी ठेवून. फरशी धुता येते, उन्हाळ्यात गार राहते आणि तिच्यावर चालून सशांची नखे आपोआप घासली जातात. उरलेला निम्मा भाग मुरमाचाच ठेवावा, कारण खणणे हा सशाचा स्वभाव आहे आणि त्याला ती मुभा हवी.

शेवटी आवाराबाहेर पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला विटेएवढ्या रुंदीचा चर खणून तो खडीने भरावा आणि त्याचे तोंड सोसायटीच्या पावसाळी गटाराला जोडावे. छपरावरून पडणारे पाणी याच चरात गेले पाहिजे.

४. सांगाडा आणि जाळी

हे काम फॅब्रिकेटर एका दिवसात करून देतो, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. लाकडी खांब मी पहिल्या वर्षी वापरले. दुसऱ्या पावसाळ्यात ते बुडाशी कुजले आणि तिसऱ्या उन्हाळ्यात वाळवीने उरलेसुरले खाल्ले. वाळवीचे औषध सशांजवळ मारता येत नाही, त्यामुळे लोखंडच बरे. रंग दिल्यावर आवार दोन आठवडे रिकामे ठेवावे. रंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय ससे आत सोडू नयेत.

जाळी पाइपाच्या आतल्या बाजूने लावावी, म्हणजे पाइपाचा रंग सशांच्या दातांना लागत नाही. दार पूर्वेला, उंच बाजूला असावे आणि त्याला दोन कड्या असाव्यात, एक वर आणि एक जमिनीलगत. एकाच कडीचे दार कुत्रा खालून ढोसून वाकवतो.

५. छप्पर

छपराचा उतार पश्चिमेकडे द्यावा, म्हणजे पाच फुटांची बुटकी बाजू पावसाकडे येते, सपकारा शिरायला जागा कमी उरते आणि वाऱ्याला पत्र्याखाली हात घालता येत नाही. साडेसहा फुटांत एक फूट उतरणारा पत्रा पाणी वेगाने वाहून नेतो. पश्चिमेला आणि दक्षिणेला पत्रा किमान दीड फूट बाहेर काढावा, इतर दोन बाजूंना एक फूट. ‘एवढा कशाला बाहेर काढायचा,’ असे आमच्याकडे कामाला आलेल्या कारागिराने तीनदा विचारले. त्याचे उत्तर त्याला पहिल्याच पावसात मिळाले असते, पण तोवर तो पैसे घेऊन गेला होता.

त्याच कारागिराने स्क्रू नालीच्या खोलगट भागात मारले होते. पाणी वाहते ते नेमके तिथून, त्यामुळे प्रत्येक स्क्रूपाशी एक थेंब तयार झाला. पत्र्याचा स्क्रू नेहमी नालीच्या उंचवट्यावर मारायचा असतो, रबरी वॉशरसह, आणि वॉशर चपटा होईस्तोवर आवळायचा नसतो. दोन पत्रे जोडताना किमान दीड नाली एकमेकांवर चढवावी आणि वरच्या पत्र्याची मोकळी कड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला येईल असे पाहावे. पत्रा बसवून झाल्यावर कारागीर निघून जाण्याआधी बागेच्या नळीने दहा मिनिटे वरून आणि पश्चिमेच्या बाजूने तिरके पाणी मारून घ्यावे. आत कोरडा कागद अंथरलेला असावा. या दहा मिनिटांत जेवढे दोष सापडतात तेवढे नाहीतर नंतर भर जुलैमध्ये शिडीवर चढून शोधावे लागतात.

नुसत्या पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते. म्हणून पत्र्याच्या खाली सहा इंच मोकळी जागा सोडून बांबूच्या चटया आडव्या बांधाव्यात. पत्रा आणि चटई यांच्यामधली गरम हवा उंच बाजूने बाहेर पडते. या चटईचा दुसरा उपयोग मला नंतर कळला: गारा पडल्या की उघड्या पत्र्याचा आवाज एवढा होतो की ससे घाबरून जाळीवर धडका घेतात, आणि चटई तो आवाज बराच मारते. थर्मोकोलचे तक्ते लावण्याचा मोह होईल, पण तो कुरतडून पोटात गेला की आतडे तुंबते.

६. बाजू: पडदा, भिंत नव्हे

पश्चिमेची बाजू जमिनीपासून दोन फुटांपर्यंत सिमेंटच्या तक्त्याने किंवा विटांनी कायमची बंद करावी. जमिनीवरून उडणारे शिंतोडे याच उंचीत असतात, आणि ससाही. त्याच्या वर ताडपत्रीचा गुंडाळता येणारा पडदा, खालच्या कडेला वजनासाठी पाइप ओवलेला. पडदा जाळीच्या बाहेरून, चार बोटे अंतर ठेवून सोडावा आणि त्याचे वरचे टोक छपरापर्यंत न नेता सहा इंच खालीच थांबवावे. बाहेर काढलेला पत्रा त्या फटीवर पाऊस पडू देत नाही आणि दमट हवा तिथून निघून जाते.

दक्षिणेलाही असाच पडदा असावा, पण तो फक्त सपकाऱ्याच्या दिवशी सोडावा. उत्तर आणि पूर्व या बाजू बाराही महिने उघड्या. वळवाच्या दिवसांत मात्र पूर्वेकडूनही झोड येते, म्हणून तिथे एक साधी ताडपत्री गुंडाळून बांधलेली असावी, आणि पाऊस थांबल्यावर ती लगेच वर करावी.

हवा खरोखर खेळते की नाही हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर पडदे सोडून, ससे बाहेर काढून, आत जमिनीपासून वीतभर उंचीवर एक उदबत्ती लावावी. धूर सरळ वर जाऊन चटईखाली घुटमळत राहिला तर वरची फट कमी आहे. तो एका बाजूने शांतपणे निघून गेला तर ठीक. जमिनीलगतच लोळत राहिला, तर पूर्वेची बाजू कशानेतरी अडली आहे. आमच्याकडे ती कुंड्यांनी अडली होती. माणसाच्या नाकाला सहा फुटांवर जो वास येत नाही तो सशाच्या नाकाशी दाट असतो, आणि लघवीतून सुटणाऱ्या त्या अमोनिया वायूने सशांना शिंका व सर्दी जडते, म्हणून ही परीक्षा वीतभर उंचीवरच घ्यावी.

७. पेटी

आवारात सशांना शिरून बसायला पेटी हवीच. दोघांसाठी चार फूट बाय दोन फूट, दीड फूट उंच. तिला एकमेकांपासून दूर अशी दोन दारे असावीत, म्हणजे एकाने दार अडवले तर दुसरा कोंडला जात नाही. पेटी चार विटांवर उचलून ठेवावी, तिचा टप उतरता आणि बिजागऱ्यांचा असावा आणि मागच्या भिंतीत टपाखाली बोटभर जाडीची चार भोके पाडावीत. प्लायवूडच्या कडा मेणाने किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीने झाकाव्यात, नाहीतर पाणी आणि दात दोन्ही तिथूनच सुरुवात करतात. आत भुसा घालू नये, कारण वखारीतला भुसा अनेकदा औषध मारलेल्या लाकडाचा असतो. खाली रद्दी आणि वर भरपूर सुके गवत पुरते.

८. उन्हाळा

माझ्या मते पुण्यात पावसापेक्षा एप्रिल कठीण. थर्मामीटर सशाच्या उंचीवर, सावलीत, पण त्यांच्या दातांपासून दूर लावावा आणि मार्चपासून रोज दुपारी तीनला पाहावा. मार्चच्या सुरुवातीलाच पत्र्याच्या वर एक फूट अंतर ठेवून शेडनेट ताणावे. नेट पत्र्याला चिकटून बांधले तर फारसा उपयोग होत नाही. मधून वारा गेला पाहिजे.

पश्चिमेला ताडपत्रीऐवजी या दिवसांत वाळ्याची ताटी किंवा गोणपाट लावून दुपारी बारा ते चार त्यावर पाणी शिंपडत राहावे. पुण्याची एप्रिलमधली दुपार कोरडी असल्यामुळे पाण्याची वाफ लवकर होते आणि आतली हवा चांगली गार होते. पण हाच उपाय वळवाच्या ढगाळ, कुंद दिवशी उलटतो: हवेतच बाष्प असल्यामुळे वाफ होत नाही, गारवा येत नाही आणि नुसती ओल वाढते. अशा दिवशी गोणपाट कोरडे ठेवून पंखा लावावा. पंख्याची वायर जाळीबाहेरून, नळीत घालूनच न्यावी. सशाला वायर दिसली की ती तुटलीच समजा.

कुंभारवाड्यातून मोठा माठ आणून आडवा ठेवावा, बाहेरून ओले फडके गुंडाळावे आणि बुडाला फरशीचे तुकडे लावून तो लोळणार नाही असे पाहावे. तीळ दुपारभर त्यातच असते. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून फरशीवर ठेवली की ससे तिला टेकून बसतात. पिण्याचे पाणी जड चिनीमातीच्या भांड्यात, दिवसातून निदान दोनदा बदललेले असावे. बाटलीच्या नळीतले पाणी उन्हात चहाइतके गरम होते.

आवारातले तापमान ३२-३३ अंशांच्या वर राहू लागले की हे सगळे उपाय बाजूला ठेवून सशांना दुपारपुरते घरात, फरशीवर घ्यावे. ससा आडवा पसरून धापा टाकत असेल, कान लाल आणि गरम लागत असतील, तोंडाभोवती लाळ दिसत असेल तर तो उष्माघात आहे. त्याला सावलीत घ्यावे, कान साध्या पाण्याने ओले करावेत, वारा घालावा आणि लगेच पशुवैद्याकडे निघावे. बर्फाच्या किंवा थंड पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्यानेही ससा जातो. सशांवर उपचार करणारा पशुवैद्य कोणता, हे मार्चआधीच विचारून ठेवावे. कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे सगळेच सशांवर करत नाहीत.

९. थंडी

डिसेंबर-जानेवारीत पाषाणकडे किंवा शहराच्या कडेला पारा १० अंशांच्या खाली जातो आणि लोक धास्तावून पेटीत दिवे लावतात. त्याची गरज नाही. कोरडा, धडधाकट ससा ही थंडी सहज सोसतो. पेटीत गवत दुप्पट घालावे, रात्री पश्चिमेचा आणि दक्षिणेचा पडदा सोडावा, एवढेच.

१०. पावसाळ्यातली रोजची फेरी

सकाळी पडदे वर. ओले गवत आणि भिजलेली रद्दी बाहेर. नंतर गवताच्या ढिगात मनगटापर्यंत हात घालून पाहावे; वरून खुटखुटीत दिसणारे गवत आतून दमट आणि किंचित ऊबदार लागले तर त्याला बुरशी धरायला लागली आहे, ते सगळे फेकावे. खायचे गवत जमिनीपासून आठ इंच वर, पूर्वेच्या बाजूला, जाळीच्या गव्हाणीत ठेवावे. साठा घरात, माळ्यावर, गोणपाटाच्या पोत्यात ठेवावा आणि पावसाळ्यात एका वेळी पंधरा दिवसांपुरताच आणावा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ते हमखास काळे पडते.

सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा सशाला उचलून शेपटीखालचा भाग पाहावा. तिथे विष्ठा किंवा लघवी चिकटली असेल तर माश्या अंडी घालतात, एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात आणि त्या जिवंत मांस खातात. पांढऱ्या तांदळाच्या कणीसारखी अंडी दिसली तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. घरातले कुत्र्यांच्या पिसवांचे औषध सशाला लावू नये. फिप्रोनिल असलेली औषधे सशांसाठी विषारी आहेत. महापालिकेची धूरफवारणी असेल तेव्हा सशांना आत घ्यावे. उंदराचे विषही आवाराच्या आसपास नको. त्याऐवजी रात्री उरलेला भाजीपाला उचलून टाकावा, म्हणजे उंदीर यायचे कारणच राहत नाही.

११. पाणी चढले तर

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेला लोंढा पुणेकर विसरलेले नाहीत. अरण्येश्वर, सहकारनगर भागात पाणी काही मिनिटांत घरांत शिरले. २०२४ च्या जुलैमध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत नदीचे पाणी आले. ओढ्याकाठी किंवा नदीकाठी तळमजल्यावर राहणाऱ्यांनी परतीचा पाऊस संपेपर्यंत रात्री ससे आवारात ठेवू नयेत. इतरांनीही प्रवासाचा एक पिंजरा, त्यात कोरडे टॉवेल आणि मूठभर गवत घालून, मागच्या दाराशी टांगून ठेवावा. अंधारात, पावसात, घाबरलेला ससा नुसत्या हातांनी पकडता येत नाही. तो ओरबाडतो, आणि उडी मारताना त्याचा कणाही मोडू शकतो. आमच्या दोघांना मी एप्रिलपासूनच रोज संध्याकाळी त्या पिंजऱ्यात कोथिंबिरीच्या काड्या देते, त्यामुळे आता पिंजऱ्याचे दार उघडल्याचा आवाज आला की ती स्वतःहून आत शिरतात.

१२. ऑक्टोबरमध्ये

पाऊस पूर्ण गेल्यावर, ऊन कडक लागायला सुरुवात झाली की एक रविवार राखून ठेवावा. पडदे उतरवून, साबणाने धुऊन, दोन्ही बाजूंनी उन्हात वाळवावेत. मुरमाचा वरचा दोन इंच थर काढून नवा टाकावा. चरातली खडी उकरून तिच्यात बसलेला गाळ काढावा, पन्हळीतली पाने काढावीत, स्क्रूंचे तडकलेले वॉशर बदलावेत आणि जिथे पाइपाला गंज दिसेल तिथे घासून रेड ऑक्साइडचा हात द्यावा. सगळ्यात शेवटी जमिनीलगतची जाळी सगळीकडून बोटाने दाबत जावी. गेल्या वर्षी मला दाराच्या डाव्या कोपऱ्यात जाळीच्या तारांचे तीन जोड सुटलेले सापडले, आणि बाहेरच्या मातीत घुशीच्या पायांचे ताजे ठसे होते.